ताकातली पाचवी गोष्ट

१

साळूबाई गेल्या तेव्हा खानावळीच्या चुलीवर भाताचं आधण उकळत होतं आणि ते खाली उतरवायचं कुणालाच सुचलं नाही. डॉ. शिवानी ओट्यावर चढली तेव्हा पातेलं करपल्याचा वास सगळ्या घरात भरला होता. आतल्या खोलीत म्हातारी घोंगडीवर निजवलेली होती. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी. कारण विचारायची गरज नव्हती. अंगातलं सगळं पाणी जुलाबावाटे गेलं होतं.

पानशेतच्या रस्त्याला धरणाच्या अलीकडे साळूबाईंची ही खानावळ. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या दारात लागायच्या. पिठलं-भाकरी, गावरान रस्सा आणि शेवटी तांब्याभर ताक. साळूबाई स्वतः उंबऱ्यात बसून येणाऱ्याला "जेवून जा रं बाबा" म्हणायच्या. गेल्या रविवारी जेवून गेलेल्यांपैकी बरीच माणसं पुण्याच्या दवाखान्यांतून पडली आहेत, असा निरोप आला म्हणून शिवानी वेल्ह्याहून निघाली होती. साथ कुठून सुरू झाली ते शोधायचं, हेच तिचं काम. पण इथे घरातच कुणी आजारी आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"कुनालाच ठावं नव्हतं, मॅडम," साळूबाईंची सून रतनबाई भिंतीला टेकून म्हणाली. "पोटात दुखतंय म्हनल्या, सुंठ घेतली. गिऱ्हाइकाच्या कानावर जाऊ नका देऊ, खानावळीचं नाव जाईल, म्हनाल्या. आमी झोपलोय असं समजून एकट्याच भाईर जात व्हत्या."

तिचा नवरा इंद्रजित अंगणात उभा होता. चाळिशीचा, उंचापुरा माणूस, पण खांदे आत ओढून घेतल्यासारखा. त्याच्यासमोर स्वयंपाक करणारी अक्काबाई पदराचा बोळा तोंडात धरून रडत होती. भोवती गाव जमलं होतं.

"ताक तूच केलं व्हतंस ना?" इंद्रजितचा आवाज एकदम चढला. "आईसकट समद्यांनी ताक पिलं आन् समदी पडली. तुझ्याच हातानं माझी आई गेली."

अक्काबाईनं मान वर केली नाही. गर्दीतून कुणीतरी हळूच पण ऐकू जाईल असं म्हणालं, "आमी तवाच म्हनलं व्हतं, सैपाकाला आपलं मानूस ठेव."

अक्काबाई बौद्ध वस्तीतली होती. तिला खानावळीत आणलं होतं साळूबाईंनी, आणि गावाच्या कुरकुरीला साळूबाईंनी कधी भीक घातली नव्हती. आता ती ढाल आत घोंगडीवर पडली होती.

२

शिवानीनं नेहमीच्या रीतीनं काम सुरू केलं. आजारी माणसांना फोन लावले, काय काय खाल्लं ते विचारलं. रस्सा खाणारे काही आजारी, काही धडधाकट. भाकरीचंही तेच. एका कुटुंबात सगळे पडले होते, फक्त सर्दी झालेला काका ठणठणीत होता. त्यानं ताक घेतलं नव्हतं. दुसऱ्या कुटुंबात आजीनं नुसतं ताकच घेतलं होतं आणि तीच सगळ्यात जास्त आजारी. प्यायचं पाणी म्हणाल तर शहरातले लोक आपापल्या बाटल्या घेऊन आलेले. बोट प्रत्येक वेळी ताकावरच जात होतं. रुग्णांच्या तपासणीत जंतू सापडला तो साल्मोनेला. कोंबड्या, अंडी, घाण हात यांच्या मार्गानं अन्नात शिरणारा.

ताकात असून असून असतं काय? दही, पाणी, मीठ, आणि घुसळणारा हात. चारच गोष्टी.

मिठात जंतू जगत नाही. दही रतनबाईच्या म्हशींचं. त्याच विरजणाचा दहीभात तिच्या पोरांनी त्याच दिवशी खाल्ला होता आणि ती अंगणात धावत होती. राहिलं पाणी. शिवानी माडीवर चढली. स्लॅबवर मोठी काळी टाकी उन्हात तापत उभी होती. तिच्या बुडाशी दोन-तीन ठिकाणी जुनी भोकं लांबी भरून बुजवलेली दिसत होती. झाकण उघडताच औषधाचा वास नाकात गेला.

"रोज टाकतो," इंद्रजित म्हणाला. "पाण्याच्या बाबतीत आई लई कडक. टाकी लावली तवाबी म्या सोता आत उतरून ब्लिचिंगनं घासली."

तिनं स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरलं. अहवाल आला तो स्वच्छ. क्लोरीन पुरेसं, जंतू एकही नाही. इंद्रजितनं फोन करून विचारलं तेव्हा तिनं खरं तेच सांगितलं.

"पाणी निर्दोष आहे."

मग इंद्रजित म्हणाला, "म्हंजी हात."

"अजून तसं म्हणता येत नाही. अक्काबाईंची तपासणी व्हायची आहे." पण फोन ठेवला गेला होता.

पुढच्या खेपेस ती खानावळीत गेली तेव्हा चुलीपुढे रतनबाई होती. अक्काबाई भोंगवलीला भावाकडे निघून गेली होती. जाण्याआधी गावच्या दुकानात तिला साखर द्यायलाही दुकानदारानं हात आखडता घेतला, असं शिवानीच्या कानावर आलं. "पानी चांगलं हाय, डॉक्टरनंच सांगितलं," हे वाक्य गावभर फिरलं होतं. तिच्याच तोंडचं वाक्य.

आणि त्याच आठवड्यात अक्काबाईचा अहवाल आला. जंतू नव्हता. पोटात नाही, हातावर नाही, नखांत नाही.

शिवानीनं कागद खाली ठेवला. चारही गोष्टी निर्दोष ठरल्या होत्या. मग साळूबाई कशानं गेल्या?

३

उत्तर मिळण्याआधीच पुढचा मोठा रविवार आला आणि पुन्हा माणसं आजारी पडली. या वेळी ताक रतनबाईनं घुसळलं होतं.

इंद्रजितनं डोकं धरलं. पण त्याच्या मनात दुसरंच नाव घोळत होतं. "मानसिंग," तो दात आवळून म्हणाला. "तुमी म्हनला हा जंतू कोंबड्यांचा आसतो. त्याची पोल्ट्री हाय. आमच्या समोरच सोताचं हाटेल टाकायचं म्हनतोय. दोन्ही रविवारी हितं येऊन बसला व्हता. त्यानंच काय तरी कालवलं."

मानसिंगची शेड ओढ्यापलीकडे होती. माणूस जाडजूड आणि तोंडाचा फटकळ. शिवानीनं ओळख सांगताच त्यानं शेडचं दार सताड उघडलं.

"बघा. हाय का एक तरी पक्षी? दिवाळीनंतर माल गेला तो गेला. खाद्य परवडंना म्हनून धंदा बंद केला."

शेड रिकामी होती. वाळलेला भुसा, पिसं, छताला टांगलेली लाल प्लास्टिकची पाणी प्यायची भांडी. एका भांड्याच्या आत शिवानीनं बोट फिरवलं. कोरडी, खरखरीत साय बोटाला लागली.

"खानावळीत कशाला गेला होता?"

मानसिंगनं नजर खाली वळवली. "पयल्या रविवारी साळूआत्याला भेटाया. दुसऱ्या रविवारी आत्या न्हवती, तरी तिच्या उंबऱ्याशी बसाया गेलो. हाटेलावरनं इंद्रजितचं आन् माझं वाकडं आलं, आत्याचं न्हाई. ती मला घास भरवायची लहानपनी." मग म्हणाला, "आन् माझ्या मनात काळं आसतं तर मी त्येला वस्तू फुकट दिली आसती व्हय?"

"कसली वस्तू?"

त्यानं शेडच्या टोकाला हात केला. तिथे विटांचा उंच कट्टा होता. वरती काहीच नव्हतं. फक्त एका गोल बुडाचा डाग आणि खाली लोंबणाऱ्या तुटक्या नळ्या.

"कोंबड्यांच्या पान्याची टाकी. त्यांची जुनी फुटली व्हती, आत्या हंडे वर चढवत व्हती. म्हनलं, माझी पडूनच हाय, घेऊन जा. संक्रांतीच्या सुमारास नेली. नळ्यांची भोकं त्यानंच बुजवली."

शिवानीच्या डोळ्यांपुढे माडीवरची काळी टाकी आली. पण तिचं मनच तिला अडवत होतं. टाकी घासली होती. रोज औषध पडत होतं. त्या पाण्यात साल्मोनेला मोकळा सोडला तर काही मिनिटांत मरेल. अहवालही तेच सांगत होता. मग त्या पाण्यातून जंतू जिवंत येईल कसा?

४

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं टाकी रिकामी करायला लावली. पाणी तळाला गेलं तसा शेवटचा भाग नळातून गढूळ आला, आणि तिथेच तिला आठवलं, की माणसं आजारी पडली ती दोन्ही वेळा गर्दीच्या रविवारी. म्हणजे टाकी तळापर्यंत उपसली जायची त्या दिवशी. तिनं पाणी तपासलं होतं ते मधल्या वारी, टाकी भरलेली असताना.

ती वाकून आत उतरली. बुजवलेल्या भोकांच्या कडेला, जिथे ब्रशचे केस पोचत नाहीत, तिथे शेवाळासारखा बुळबुळीत थर होता. तिनं तो खरवडून डबीत घेतला आणि तशीच पुण्याची वाट धरली. तिथे तिचा जुना वर्गमित्र स्वरूप सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होता.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "सांगत नाही. ये आणि डोळ्यांनी बघ."

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सुरुवातीला नुसती धूसर जागा. मग तिच्यातला एक ठिपका हलला. काठ पुढे ओघळला, मागचा भाग त्याच्या मागे सरकला. पाण्याचा थेंब जिवंत होऊन चालावा तसा.

"अमिबा," ती म्हणाली. "शाळेत काढायचो तो."

"त्याचाच भाऊबंद. एका पेशीचा जीव. डबक्यात, मातीत, कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यात, सगळीकडे असतो. जंतू खाऊन जगतो. आता त्याच्या पोटात बघ."

अमिबाच्या आत काड्यांसारखे बारीक जीव वळवळत होते.

"खाल्लेले," शिवानी म्हणाली.

"खाल्लेले, पण न पचलेले. आत शिरून मजेत राहतायत." स्वरूपनं दुसरी काच लावली. "हे क्लोरीन टाकल्यानंतरचं. मोकळे जंतू सगळे मेले. पण अमिबाचं बघ."

काचेवर आता गोल, जाड भिंतीचे दाणे होते. निपचित.

"त्रास व्हायला लागला की तो अंग आखडून स्वतःभोवती कवच करतो. क्लोरीन त्या कवचातून सहज आत जात नाही. मी नंतर हेच दाणे लिंबाच्या रसाइतक्या आंबट पाण्यात ठेवले, तरी आतले जंतू टिकले. मग ऊब दिली, खायला दिलं. कवचं उघडली आणि आतून साल्मोनेला बाहेर आला. तुझ्या रुग्णांच्या जंतूशी जुळवून पाहिला. तोच आहे."

शिवानी स्टुलावर बसली. एकेक दुवा आपोआप जागी पडत गेला. कोंबड्यांचा जंतू टाकीच्या थरात राहिला. इंद्रजितनं टाकी घासली, औषध टाकलं, तेव्हा मोकळे जंतू मेले, पण अमिबांनी कवचं केली आणि आतले वाचले. नेहमीच्या तपासणीत ते दिसले नाहीत, कारण ते पाण्यात नव्हतेच, दुसऱ्याच्या पोटात होते. रविवारी पाणी तळाला गेलं की थर सुटून नळात यायचा. रस्सा उकळायचा, भात शिजायचा. एकटं ताकच असं, की त्यात पाणी कच्चंच पडायचं. ताकाचा आंबटपणा आणि माणसाच्या पोटातलं आम्ल जंतूला एरवी बरंचसं अडवतं. तेही या कवचापुढे चाललं नाही.

"चार गोष्टी धरल्या होत्या मी," ती म्हणाली. "पाचवी दिसलीच नाही."

"कुणालाच दिसली नसती, शिवानी."

"दिसली नसती, बरोबर. पण 'पाणी निर्दोष आहे' असं म्हणायची गरज नव्हती. 'पाण्यात मला काही सापडलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यांत किती फरक आहे, बघ. त्या फरकानं एका बाईला गाव सोडावं लागलं."

५

इंद्रजितनं सगळं उभ्यानंच ऐकलं. रतनबाई दाराच्या चौकटीला धरून होती.

"टाकी म्या आनली," तो सावकाश म्हणाला. "आईला हंडे चढवाया लागू नयेत म्हनून आनली."

"मला माहीत आहे."

"आन् भीती वाटली तसं औषध वाढवत गेलो. जास्त टाकलं की चांगलं, म्हनून."

"तुम्ही वाईट काहीच केलं नाही. मानसिंगनंही नाही. ही टाकी आणताना कुणाच्याही मनात पाप नव्हतं."

"मग आई कुनाच्या हातानं गेली?"

"कुणाच्याच नाही, इंद्रजितभाऊ."

तो खाली बसला. मग म्हणाला, "कुनाच्या तरी हातानं गेली आसती तर बरं झालं आसतं. राग कुठं ठेवायचा त्ये तरी कळलं आसतं."

"तो तुम्ही एकदा ठेवलात," शिवानी म्हणाली. तिला कठोर बोलायचं नव्हतं, पण हे बोलल्यावाचून सुटका नव्हती. "सगळ्या गावासमोर. आता तो तिथूनच उचलावा लागेल."

तो उठला आणि त्याच संध्याकाळी देवळापुढच्या पारावर गेला. मानसिंगही आला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण शेजारी उभे राहिले. इंद्रजितनं टाकीचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं, अक्काबाईचा काही दोष नव्हता असं स्पष्ट म्हणाला. शिवानीनं अमिबाचं जमेल तितक्या सोप्या शब्दांत समजावलं. काहींनी माना हलवल्या. काहीजण हसले. इतका बारीक जीव, त्याच्या पोटात त्याहून बारीक जीव, आणि त्यानं जितं माणूस मारावं?

एक म्हातारा उठून म्हणाला, "डॉक्टरीनबाई, पानी चांगलं हाय म्हनून तवा तुमीच सांगितलं व्हतं न्हवं?"

"हो," शिवानी म्हणाली. "मीच सांगितलं होतं. चूक माझी होती."

म्हातारा खाली बसला. त्याला याहून काही हवं नव्हतं. पण मागच्या बाजूनं कुणीतरी पुटपुटलंच, "आता सरकारी मानसं काय बी सांगतील." तो आवाज कुणाचा, ते अंधारून आल्यामुळे कळलं नाही.

भोंगवलीला शिवानी आणि इंद्रजित गेले ते दुसऱ्या दिवशी, सारोळ्यावरून आत वळून. अक्काबाई भावाच्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिचे हात पाहून शिवानी चरकली. बोटं पांढरी पडलेली, सांध्यांवर भेगा, भेगांतून लाल मांस दिसत होतं.

भाऊ ज्ञानू खाट पुढे सरकवत म्हणाला, "दिसभर हात धुती, मॅडम. सोडा लावून, राख लावून. चुलीपाशी जात न्हाई. पोरास्नी घास देत न्हाई. आमच्या हिच्या हातचं खाती आन् ताट बी लांब ठिवती."

शिवानीला वाटलं होतं, अक्काबाई रागावलेली असेल. आपल्यावर आळ घेतला म्हणून जळत असेल. तिला हे सुचलंच नव्हतं. या बाईनं गावाचं म्हणणं मान्य केलं होतं. आपल्याच हातानं साळूबाई गेल्या, असं ती इतके दिवस धरून बसली होती.

शिवानी तिच्याजवळ खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. टाकी, थर, अमिबा, कवच. अक्काबाई ऐकत होती, पण डोळे आपल्या हातांवर.

"तपासणीत माज्या हाताला काय घावलं?"

"काहीच नाही. तुमचे हात स्वच्छ होते."

"त्ये कवा कळलं?"

शिवानीनं सांगून टाकलं. "तुम्ही निघून आलात त्याच आठवड्यात. मी कळवायला हवं होतं. उत्तर पुरतं सापडल्यावर सांगू, असं वाटलं मला."

अक्काबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि शिवानीला राग परवडला असता.

इंद्रजित पुढे झाला. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. वयानं ती त्याच्याहून फार मोठी नव्हती. "अक्का, माजं चुकलं. परत चल. आईची जागा तुजी."

"उठा दादा," ती पाय मागे घेत म्हणाली. "तुमचा राग न्हाई मला. तुमची आई गेली व्हती. माजी आई आशी गेली आसती तर म्या बी आसंच बोलले आसते." तिनं परत लसूण हातात घेतला. "पर म्या येनार न्हाई. तितं कुनाला पोटात कळ आली की समदी माज्याकडं बघतील. तुमी न्हाई बघनार, रतनवहिनी न्हाई बघनार. बाकीची बघतील. त्या नजरंखाली भाकरी थापाया मला जमायचं न्हाई."

इंद्रजित ओट्याच्या कडेला तसाच बसून राहिला.

उन्हं वर आली होती. अक्काबाईनं सोललेला लसूण परडीत गोळा केला, उठली आणि दारात घुटमळली. मग भावजयीला म्हणाली, "सर गं जरा. पाव्हनी उपाशी जायाची न्हाईत."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. पहिले काही ठोके अडखळत, मग हळूहळू लय धरत. भेगांना पीठ झोंबत असणार. ज्ञानूनं उंबऱ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

ताटं आली. पिठलं, भाकरी, कांदा. अक्काबाईनं वाढलं आणि लांब, भिंतीशी जाऊन उभी राहिली. हात पदराखाली. शिवानीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. अक्काबाई तिच्या घशाकडे बघत होती, घास खाली उतरेपर्यंत.

"मीठ जमलंय का?" तिनं विचारलं.

"जमलंय," शिवानी म्हणाली. दुसरा घास घेताना तिला समोरचं ताट नीट दिसेना, पण तिनं तो घेतला. शेजारी इंद्रजितनं भाकरी हातात घेतली होती. तो ती मोडू शकत नव्हता. अक्काबाई थोडा वेळ थांबली, मग पुढे आली आणि त्याच्यासमोर बसून तिनं आपल्या फाटलेल्या बोटांनी त्याची भाकरी पिठल्यात कुस्करून दिली.